फ्रेडी मर्क्युरी ‘आपला’ कसा?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं मला गाठून विचारलं, ‘सर, क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपला पाचगणीचा ना?’ पाचगणी ठीक आहे, पण ‘आपला’ या शब्दाशी मी अडलो. आज तेवढ्याचविषयी बोलू.

आधी माहिती घेऊ. फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांजिबार. घर पारशी, मूळ गुजरातेतलं बलसाड. आडनाव त्यावरूनच आलेलं. आठेक वर्षांच्या या मुलाला आईवडिलांनी बोटीनं इकडे पाठवलं, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. ‘फ्रेडी’ हे नाव तिथलंच. १९५८च्या सुमारास तिथं पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. गंमत बघा, पुढे ज्याच्या आवाजानं जग वेडं झालं तो त्यात पियानो वाजवायचा. मुख्य गायक दुसराच मुलगा होता!

१९६४मध्ये झांजिबारात क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथं तो चित्रकला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकला. क्वीनचं बोधचिन्ह त्यानंच काढलं, चौघांच्या राशी घेऊन: दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या. कन्या रास त्याची स्वतःची. बँड १९७०चा, पहिली तबकडी १९७३ची.

तेव्हा इंग्लंडात ग्लॅम रॉकची लाट होती. मार्क बोलन चेहऱ्याला चमकी लावून टीव्हीवर आला, डेव्हिड बोवीनं केस लाल केले. क्वीनला ग्लॅम म्हणावं का यावर जाणकार भांडतात, भांडू देत. सुरुवातीच्या त्या वर्षांत साटनचे कपडे, डोळ्यांत काजळ, नखांना काळा रंग हे सगळं फ्रेडीकडे होतं.

आता मला सांगा, यात आपल्याला नवं काय होतं? तमाशाच्या फडात बाईचं काम एके काळी नाच्या पोऱ्याच करायचा. पवळाबाई हिवरगावकर, आपल्या संगमनेर तालुक्यातल्या, त्या फडावर उभ्या राहिल्या हेच तेव्हा नवल. आणि बालगंधर्व? त्यांच्या नेसण्याची नक्कल घराघरांतल्या बायका करत. पुरुषानं रंग लावणं आपण डोक्यावर घेतलेलं आहे. पण रंगमंचापुरतंच, बरं का! रंग उतरल्यावरही कुणी तसंच राहिलं, की आपणच त्याला ‘नाच्या’ म्हणून हिणवतो. तोच शब्द, आणि त्याची शिवी होते.

मुलाखतींत फ्रेडी बालपणाविषयी फारसं बोलत नसे. २३ नोव्हेंबर १९९१ला त्यानं एड्स झाल्याचं जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी तो गेला. अंत्यविधीत पारशी धर्मगुरूंनी अवेस्तातल्या प्रार्थना म्हटल्या.

त्या मुलाला मी उलट विचारलं, ‘तो तुमच्या वर्गात, नखं काळी रंगवून बसला असता, तर?’ पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, ‘सर, आम्ही त्याला छळलं असतं.’