कोयत्याच्या हिशेबात मूल कुठे बसतं?

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून सांगली, कोल्हापूरकडे टोळ्या निघतात, त्याआधीच मजूर पुरवणाऱ्या मुकादमाने जोडप्याला उचल दिलेली असते. ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. पुढचे चार-पाच महिने दोघांनी मिळून ती फेडायची, टनावर.

साखर कारखाने आणि मजूर संघटनांच्या २०२४च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. दिवसभर राबून एक कोयता दीड-दोन टन तोडतो, म्हणजे दोघांचे मिळून साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये. नवरा ऊस तोडतो. मोळ्या बांधणं आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेणं बहुतेक बाईकडे. ती तान्ह्या बाळाजवळ बसली की कोयता अर्धा. खाडा झाला तर बऱ्याच टोळ्यांत दिवसाला पाचशेपर्यंत दंड कापतात.

म्हणून बाळ फडावरच येतं. बांधावर झाड असेल तर लुगड्याची झोळी, नसेल तर गाडीखालची सावली, शेजारी पाचट आणि ये-जा करणारे ट्रॅक्टर. दोन मोळ्यांच्या मधल्या वेळात आई येऊन पाजून जाते. गाडी रात्री लागली तर भरणीही रात्रीच, आणि कोपीत, म्हणजे झोपडीत, झोपलेलं मूल तसंच टाकून उठायचं. राखणीला सात-आठ वर्षांची बहीण. तिची शाळा मात्र गावात राहिलेली असते.

पाळणाघराचे कायदे नाहीत असं नाही. १९४८च्या कारखाना कायद्यात तिसांहून जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचं केलं होतं. २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास कर्मचाऱ्यांची अट घातली आणि आईला दिवसातून चारदा मुलाकडे जायची मुभा दिली. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासचा आकडा आहेच. पण आकडा लावायचा कुणाला? साखर कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादमाच्या वहीत कोयता असतो, बाई वेगळी नसते. पन्नासची मोजणी इथे सुरूच होत नाही. हा कायद्याचा भाबडेपणा म्हणायचा की सोय, ते ज्याने त्याने ठरवावं.

अंगणवाडीचं काय? १९७५पासून ती आहे, पण बसून शिकण्या-खेळण्याची सोय तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, तीही काही तासच. तिनाच्या आतल्यांना मुख्यतः घरी न्यायचा आहार. शिवाय मुलाचं नाव असतं गावच्या अंगणवाडीत आणि मूल असतं दीडदोनशे मैलांवर. हंगामी वसतिगृहं, साखरशाळा आहेत, पण त्या शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. सर्वांत नाजूक वयाचं मूल असं दोन्हीकडून सुटतं.

रोजगार हमीच्या कामावर मात्र एक साधा नियम आहे: पाच किंवा जास्त लहान मुलं आली, तर एका बाईला त्यांच्याजवळ बसवायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. तिथे बायका नव्हे, मुलं मोजतात. हाच नियम दहा कोयत्यांच्या टोळीला लावून पाहा. टोळी दिवसाला पंधरा-वीस टन तोडते. मुलं सांभाळणारीला अर्ध्या कोयत्याचे पैसे द्यायचे ठरवले, तर खर्च टनामागे साधारण अठरा रुपये येतो. ते कारखान्याने द्यायचे की मुकादमाने, एवढंच करारात लिहायचं राहतं. आणि दर ठरवणाऱ्या बैठकीत आजवर मुख्यतः टनाच्या भावावर घासाघीस होत आली आहे.