वॉर्निंगला एरर करायचं की नाही?

आज सी आणि सी प्लस प्लसच्या कंपायलर वॉर्निंग्जबद्दल बोलू. कोड कंपाइल होतो, चार वॉर्निंग्ज येतात, आपण स्क्रोल करून पुढे. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, म्हणून तर ही सवय लागते.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला घाईने आयओएस ७.०.६ काढावं लागलं. का? तर सर्व्हरची सही तपासणाऱ्या फंक्शनमध्ये 'गोटू फेल' ही ओळ दोनदा पडली होती. पहिली 'इफ'च्या ताब्यात, दुसरी मोकाट. त्यामुळे खालची खरी तपासणी कधी चालायचीच नाही, आणि एररचा आकडा शून्यच राहिल्यामुळे फंक्शन सांगायचं, सगळं ठीक आहे. म्हणजे नेटवर्कवर मध्ये बसलेला माणूस तुमच्या बँकेच्या साइटचं सोंग घेऊ शकत होता.

जिथे कधीच पोचणार नाही असा कोड दाखवणारी वॉर्निंग क्लँगकडे तेव्हाही होती. पण ती 'डब्ल्यू-ऑल'मध्ये नव्हती. हो, नाव 'ऑल' असलं तरी हा पर्याय सगळ्या वॉर्निंग्ज लावत नाही! 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' वेगळा द्यावा लागतो, आणि तरीही बऱ्याच उरतात. जीसीसीने २०१६ मध्ये, आवृत्ती ६ मध्ये, फसव्या इंडेंटेशनची वॉर्निंग आणली; ती मात्र 'ऑल'मध्ये आहे.

आता 'डब्ल्यू-एरर'. हा लावला की प्रत्येक वॉर्निंग एरर होते आणि बिल्ड तिथेच थांबतो. शिस्त लागते, मान्य. पण वॉर्निंग्ज नुसत्या कोडवर ठरत नाहीत, कंपायलरवरही ठरतात. आज स्वच्छ असलेला कोड पुढच्या जीसीसीवर अडू शकतो, कारण तो नवीन काहीतरी शिकून आलेला असतो. तोच जीसीसी असला तरी, व्हेरिएबलला कदाचित किंमतच दिलेली नाही ही वॉर्निंग ऑप्टिमायझेशन बंद असताना गप्प असते, 'ओ-टू' लावलं की डोकं वर काढते.

२०२१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्स कर्नल ५.१५ साठी 'डब्ल्यू-एरर' सरसकट चालू केला. ठिकठिकाणी बिल्ड पडायला लागले, आणि थोड्याच दिवसांत तो बाय डिफॉल्ट फक्त चाचणीच्या बिल्डपुरता उरला.

माझं मत विचाराल तर सीआयमध्ये, जिथे कंपायलरची आवृत्ती तुम्हीच ठरवता, तिथे बिनधास्त लावा. सोर्स दुसऱ्यांना देताय? मग मेकफाइलमधून काढा. तुमच्या वॉर्निंग्ज त्यांनी का निस्तरायच्या? आणि एखादीच वॉर्निंग छळत असेल तर 'डब्ल्यू-नो-एरर', बरोबरचं चिन्ह आणि तिचं नाव एवढं द्या. ती दिसत राहते, बिल्ड अडत नाही.