लोणारच्या तारखा

लोणार सरोवराचा गेल्या पंधरा-सोळा वर्षांचा इतिहास लिहायला बसलं, तर निम्मा मजकूर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या फायलींतून काढावा लागेल. २००९ मध्ये सरोवर वाचवण्यासाठी जनहित याचिका दाखल झाली. याचिकाकर्त्यांची बाजू मांडली अ‍ॅड. आनंद परचुरे यांनी. वकिलाच्या कारकिर्दीचा मागोवा घेताना आपण जिंकलेले खटले मोजतो. पर्यावरणाच्या खटल्यात तो हिशेब फारसा उपयोगी पडत नाही, कारण समोर उभं असलेलं सरकारही म्हणत असतं, ‘सरोवर वाचलंच पाहिजे.’ सगळ्यांचं एकमत आणि काम मात्र जागच्या जागी!

कारण साधं आहे. २००० साली सरोवराचा परिसर अभयारण्य झाला, तो वन विभागाकडे. हेमाडपंती देवळं पुरातत्त्व खात्याकडे. गावचं सांडपाणी नगरपरिषदेचं, रस्ते बांधकाम खात्याचे. लोणार गाव तर सरोवर ज्यात आहे त्या विवराच्या थेट काठावर वसलेलं. उतारावरून वाहणाऱ्या पाण्याला खात्यांच्या हद्दी कळत नाहीत. काठावरच्या झऱ्याच्या धारेवर साबण लावून आंघोळ केली की फेस खाली सरोवराच्याच वाटेला लागतो. नवरात्रात सरोवराकाठच्या कमळजा देवीच्या देवळात येणाऱ्या गर्दीचा कचराही तिथेच. अशा वेळी वकिलाचं खरं काम युक्तिवादापेक्षा किचकट असतं. वेगवेगळ्या खात्यांना एकाच टेबलावर बसवायचं, प्रत्येकाकडून प्रतिज्ञापत्र घ्यायचं आणि पुढच्या तारखेला ‘त्याचं काय झालं?’ हे विचारत राहायचं.

कायद्याचा आधार जुनाच. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणरक्षण राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि नागरिकाच्या कर्तव्यांत घातलं. पण कलम वाचून दाखवल्याने सांडपाणी थांबत नाही. उच्च न्यायालयाने एक आदेश देऊन फाइल बंद केली नाही, विषय सतत आपल्यासमोर ठेवला, याला म्हणूनच मोल आहे. निकाल लागत नाही म्हणून कोर्टाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. लोणारपुरतं मला वाटतं, निकाल लवकर लागला असता तर खात्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता.

जून २०२० मध्ये पाणी अचानक गुलाबी झालं तेव्हा या चालू याचिकेचा उपयोग दिसला. टाळेबंदी होती, समाजमाध्यमांवर चमत्कारापासून प्रलयापर्यंत सगळं सांगून झालं होतं. खंडपीठाने दखल घेतली; पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. आघारकरच्या अभ्यासातून उलगडा झाला: बाष्पीभवनाने क्षारता आणि पीएच वाढल्यावर हॅलोआर्किया हे खारट पाण्यातले सूक्ष्मजीव फोफावले, गुलाबी रंग त्यांचा. हे जीव तळाशी बसले की पाणी पुन्हा स्वच्छ दिसतं, हेही त्यांनी दाखवलं. एरवी असा अहवाल नियतकालिकात छापून आला असता आणि विसरला गेला असता. इथे तो वन विभागामार्फत न्यायालयात पोचला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं. महाराष्ट्रातलं नांदूर मधमेश्वरनंतरचं दुसरं. बसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर मंगळाच्या अभ्यासकांनाही हवंसं वाटतं. १९७३ मध्ये ते आघातानेच झाल्याचे भक्कम पुरावे शास्त्रज्ञांनी मांडले. नंतर २०२२ मध्ये राज्य सरकारने सुमारे ३७० कोटींच्या विकास आराखड्याला मंजुरी दिली. आकडा ऐकून मला आनंदापेक्षा धास्तीच वाटली. एवढा पैसा आला की त्याच्यामागून सिमेंट येतंच, आणि काठावर एक पायरी जास्त झाली तरी पावसाचं पाणी वेगळ्या वाटेने खाली जातं. संवर्धनाच्या वकिलाला म्हणूनच निधी मिळाला तरी कामावर लक्ष ठेवावं लागतं.

पाणी आटण्याचा प्रश्न आता उलटा झाला आहे. २०२५ मध्ये सरोवराची पातळी वाढून पाणी कमळजा देवीच्या देवळापर्यंत चढलं, पाण्यात मासे दिसल्याच्या बातम्या आल्या. गोडं पाणी जास्त आलं की क्षारता घटते आणि शतकानुशतकं खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचं घरच हलतं. पाणी कमी होण्याची काळजी करणाऱ्यांना आता ते कुठून येतंय, याचा माग काढायचा आहे: झरे वाढले, पाऊस जास्त झाला की वरचं पाणी जिरून खाली येतंय? यावर युक्तिवाद करणाऱ्या वकिलाला कलमांच्या आधी प्रत्येक झऱ्याच्या प्रवाहाची आणि सरोवराच्या पातळीची रोजची नोंद लागेल. ती ठेवायची कोणत्या खात्याने, हे पुढच्या तारखेला ठरवून घ्यायला हवं.