हिमालयांतील फुलांची दरी व चराईचा प्रश्न

शेतकरी बंधूंस फुलांची हकीकत सांगावयाची म्हणजे ती निव्वळ हौसेची बाब वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या दरीविषयीं आम्ही लिहीत आहों, ती मूळची मेंढ्यांच्या चराईची जागा; आणि तेथील चराई बंद झाल्यावर काय घडलें, हें गायरान किंवा कुरण बाळगणाऱ्या प्रत्येकानें जाणून घेण्यासारखें आहे.

ही दरी उत्तराखंडांत चमोली जिल्ह्यांत, भ्युंढार खोऱ्यांत आहे. इ. स. १९३१ सालीं कामेट शिखर चढून परतणारे फ्रँक स्माइथ व त्यांचे सोबती येथें उतरले आणि फुलें पाहून थक्क झाले. १९३७ सालीं स्माइथ पुन्हां येऊन राहिले व त्यांनीं वनस्पति गोळा केल्या. १९३८ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला, आणि त्यांतील नांवच या जागेस कायम झालें. १९३९ सालीं जोन मार्गारेट लेग या विदुषी वनस्पति गोळा करितांना घसरून मृत्यु पावल्या. त्यांची समाधि दरींतच आहे. अर्थात् तेथील मेंढपाळ ही जागा त्यापूर्वीं पिढ्यान् पिढ्या जाणत होते, हें विसरतां कामा नये.

जाण्याची वाट ऋषिकेश, जोशीमठ, गोविंदघाट अशी आहे. गोविंदघाटाहून पुलना गांवापर्यंत सुमारें ४ किलोमीटर मोटार जाते. पुढें घांगरियापर्यंत सुमारें १० किलोमीटर चढ पायीं अथवा खेचरावरून चढावा लागतो. २०१३ सालच्या जून महिन्यांतील महापुरानें ही वाट ठिकठिकाणीं वाहून गेली होती. ती पुढें नव्यानें बांधावी लागली. घांगरिया समुद्रसपाटीपासून सुमारें १०,००० फूट उंच आहे. तेथून एक वाट हेमकुंडास व दुसरी दरीकडे जाते. दरींत खेचरांस मज्जाव आहे व मुक्कामाची परवानगी नाहीं. सकाळीं जाऊन दिवस मावळण्यापूर्वीं परतावें लागतें. प्रवेश १ जून ते ३१ ऑक्टोबर असतो. मध्य जुलैपासून मध्य ऑगस्टपर्यंत बहर भरास येतो. आम्ही याच सुमारास गेलों. पाऊस रोजचाच, म्हणून घट्ट जोडा, काठी व पावसाळी अंगरखा यांवांचून कोणीं निघूं नये. चढ सावकाश चढावा. त्या उंचीवर दम लवकर लागतो.

भूर्जवृक्षांची झाडी संपली कीं दरी उघडते. आपल्या तेरड्याच्या कुळांतील गुलाबी फुलें तेथें पुरुषभर उंच वाढतात. अफूच्या कुळांतील निळें फूल खडकांच्या आडोशास दिसतें. ब्रह्मकमळ हेमकुंडाच्या चढावर अधिक. मात्र आपल्या अंगणांत रात्रीं उमलणारें तें हें नव्हे, तें निवडुंगाच्या जातीचें. वर्षांतील कित्येक महिने जमीन बर्फाखालीं असते. बर्फ वितळतांच ओल, ऊन व पाऊस एकदम मिळतात आणि उगवण, फूल व बीं हीं तीन-चार महिन्यांत उरकावीं लागतात. म्हणून पंधरवड्या-पंधरवड्यानें दरीचा रंग पालटतो.

१९८२ सालीं सुमारें ८७.५ चौरस किलोमीटरांचें हें क्षेत्र राष्ट्रीय उद्यान झालें व चराई थांबली. २००५ सालीं त्याचा जागतिक वारशांत समावेश झाला. परंतु पॉलिगोनम नांवाची एक उंच वनस्पति दरींत माजली. ती परकी नव्हे, हिमालयांतीलच आहे. पण दाट वाढून लहान फुलांचें ऊन अडविते. कांहीं जाणत्यांचें म्हणणें असें कीं, मेंढ्या तिचे कोंवळे कोंब खात व तुडवीत; चराई जातांच ती मोकाट झाली. दुसरे म्हणतात, जेथें पूर्वीं मेंढ्या बसत व लेंडीखत सांचे, अथवा दरडी कोसळून माती उघडी पडे, तेथेंच तिचा जोर आहे. वाद कसाहि मिटो. वनखात्यास ती उपटण्याचें काम वारंवार करावें लागतें, एवढें खरें. साताऱ्याजवळ कास पठारावरहि कुंपण व चराई यांविषयीं असाच वाद झाला आहे.

यांतून आम्हीं घेतलेला बोध असा कीं, कुंपण घातलें म्हणजे कुरण राखलें, असें होत नाहीं. महसुली दफ्तरांत गायरानाचें क्षेत्र गुंठ्यापर्यंत लिहिलेलें आम्हीं वर्षानुवर्षें पाहिलें. त्यावर गवत कोणतें आहे, हें मात्र पायीं फिरूनच कळतें. बारमाही मोकळें सोडलेलें गायरान उघडें पडतें, आणि नुसतें बंद ठेवलेलें रान घाणेरी व गाजरगवत यांच्या हातीं जातें. म्हणून गायरानाचे भाग पाडावे. गवताचें बीं झडेपर्यंत एक भाग पाळीनें बंद ठेवावा. नको तें तण फुलावर येण्यापूर्वींच उपटावें. आणि दरसाल चार जाणत्यांनीं मिळून रान पाहावें. यास पैका थोडा लागतो, एकी मात्र पुष्कळ लागते. ज्या गांवीं ती आहे, त्या गांवानें येत्या पावसाळ्यापूर्वींच पहिला भाग आंखून घ्यावा.