मौनाचा अर्थ

आज्ञा करणे व इष्ट स्थितीचे वर्णन करणे, हा भेद वैयाकरणांस नवा नाही. संगणकसमूहांची व्यवस्था पाहणारी अलीकडील साधने दुसरा मार्ग पत्करतात. ‘आणखी एक प्रत सुरू कर’ असे न सांगता ‘प्रती तीन’ एवढेच फाइलीत लिहावयाचे. लेख व वास्तव यांतील अंतर साधनाने भरून काढावयाचे. २०१४ साली प्रसिद्ध झालेली टेराफॉर्म व कुबरनेटीस (मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणूधारी) ही दोन्ही याच पंथाची होत. परंतु लेखात जे नाही त्याचा अर्थ काय, याविषयी त्यांचे एकमत नाही.

टेराफॉर्मच्या फाइलीतून एखाद्या डेटाबेसचा परिच्छेद पुसून ‘अप्लाय’ला संमती दिली, तर अन्यत्र अटकाव नसल्यास तो डेटाबेस नष्ट होतो. निर्मिलेल्या वस्तूंची नोंद हे साधन ठेवते. नोंदीत आहे पण लेखात नाही, म्हणजे निषेध. ‘नष्ट करू नये’ हे संरक्षक वचनही त्याच परिच्छेदात असते, म्हणून तेही त्याबरोबरच पुसले जाते!

कुबरनेटीसच्या ‘क्यूबसीटीएल अप्लाय’चे तसे नाही. तेथे फाइल काढून टाकली तरी ‘प्रून’ हा पर्याय जोडल्याखेरीज वस्तू टिकते. वस्तूच्या वर्णनातील ओळीचा न्याय मात्र निराळा. कधीच न लिहिलेल्या प्रतिसंख्येस ते हात लावीत नाही, ती दुसऱ्या यंत्रणेने ठरविली तरी चालते. पण पूर्वी लिहिलेली संख्या आज गाळली, तर मागील लेखाशी ताडून ते ती काढून टाकते, आणि दहा प्रतींची एकच उरते.