स्वस्त मिक्सर कुठे कमी पडतो?

डीजे मिक्सर हे यंत्र दोन किंवा अधिक ठिकाणांहून येणारे ध्वनिसंकेत एकत्र करते, त्यांची पातळी आणि त्यांतील बेस व ट्रेबल कमीजास्त करते आणि तयार झालेला संकेत अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवते. नोएडाच्या सेक्टर १६-अ मधील फिल्म सिटीतील स्टुडिओंना उंची उपकरणे परवडतात. मात्र त्याच शहरातील निवासी सोसायट्यांच्या सभागृहांत आणि गणेशोत्सवाच्या मंडपांत खर्च वर्गणीतून होत असल्यामुळे अल्पदरातील ब्रँड घ्यावा की नाही, हा प्रश्न तेथे खराखुरा असतो.

स्वस्त म्हणजे आवाज वाईट, हा समज आता टिकण्याजोगा नाही. संकेत वाढवणाऱ्या चिप प्रचंड संख्येने तयार होत असल्याने त्यांची किंमत घसरली आहे, आणि त्यामुळे साध्या मिक्सरचे विद्युतमंडलही पुरेसा स्वच्छ आवाज देते. उली बेहरिंगर यांनी १९८९ मध्ये जर्मनीत सुरू केलेली कंपनी कमी किमतीसाठी ओळखली गेली, पण पुढे तिच्या समूहाने मिडास हा नामांकित ब्रिटिश ब्रँड विकत घेतला आणि २०१२ मध्ये बाजारात आलेल्या एक्स-३२ या डिजिटल मिक्सरने मोठ्या कार्यक्रमांतही जागा मिळवली. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे हेच गणित नोएडातही दिसते. तेथे मुख्यालय असलेल्या डिक्सन टेक्नॉलॉजीजने २०२२ मध्ये बोट या ब्रँडच्या मालक कंपनीशी वायरलेस ध्वनिउपकरणांच्या निर्मितीसाठी निम्म्या भागीदारीचा करार केला.

स्वस्त यंत्राचा कमकुवतपणा असतो तो हलणाऱ्या भागांत. फेडर, म्हणजे पातळी वरखाली करणारी सरकती कळ, साध्या यंत्रात कार्बनच्या पट्टीवर घासत जाते, आणि पट्टी झिजली किंवा तिच्यावर धूळ बसली की आवाजात खरखर येते. उत्तरेकडील उन्हाळ्याच्या धुळीत हे लवकर घडते. महागड्या मिक्सरमध्ये काही ठिकाणी चुंबकीय फेडर असतात, ज्यांत स्पर्शच नसल्याने झीज अत्यल्प होते. म्हणून स्क्रॅचिंग करणाऱ्या, म्हणजे क्रॉसफेडर सतत इकडून तिकडे हलवणाऱ्या कलावंताने स्वस्त मिक्सर घेणे चुकीचेच ठरेल; गाण्यामागून गाणे लावणाऱ्याला मात्र तो सहज पुरतो. फेडर वरच्या पट्टीचे स्क्रू काढून बदलता येतो की सर्किट बोर्डावर कायमचा डाग देऊन बसवलेला आहे, हे खरेदीपूर्वी पाहणे ब्रँडच्या नावापेक्षा अधिक मोलाचे आहे.

खरी फसवणूक होते ती स्पीकरच्या वॉटमध्ये. खोक्यावर छापलेला पीएमपीओ हा आकडा एखाद्या क्षणाच्या काल्पनिक शिखराचा असतो आणि तो मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही, तर आरएमएस हा आकडा सातत्याने मिळणारी शक्ती सांगतो. १२ व्होल्ट व ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर ३६ वॉटच देऊ शकतो. त्यावर चालणाऱ्या स्पीकरवर २,००० वॉट लिहिलेले असले, तरी तेवढी शक्ती त्यातून सतत निघणे शक्य नाही. अशा अशक्त यंत्राचा आवाज ताणला की संकेताची शिखरे कापली जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात, आणि दीर्घकाळ चालल्यास त्याने ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, जळू शकतो. त्यामुळे पैसे थोडे असतील तर मिक्सरवर बचत करावी, स्पीकरवर करू नये. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा असल्यामुळे सोसायटीला अवाढव्य यंत्रणेची गरजही नसते.

घूं असा सततचा आवाज येतो, तेव्हा दोष बहुधा अर्थिंगचा वा केबलचा असतो, पण तो मिक्सरच्या माथी मारला जातो. समतोल जोडणीच्या, म्हणजे एकच संकेत दोन तारांतून परस्परविरुद्ध रूपात नेणाऱ्या एक्सएलआर केबलने तो बराच कमी होतो, कारण दोन्ही तारांत सारखाच शिरलेला गोंगाट शेवटी एकमेकांना रद्द करतो. ही सोय नसलेला मिक्सर कितीही स्वस्त असला तरी मंडपासाठी घेऊ नये.

दुरुस्तीसाठी नोएडाकरांना लाल किल्ल्यासमोरचे लाजपत राय मार्केट जवळ आहे. तेथे जुळणारा फेडर मिळत असेल, तर अल्पदरातील मिक्सर काही वर्षे निर्धास्तपणे वापरता येतो. अ‍ॅडॉप्टरवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हेही दुकानातच तपासावे, कारण निकृष्ट अ‍ॅडॉप्टर यंत्र बिघडवतोच, शिवाय हाताळणाऱ्याला विजेचा धक्काही देऊ शकतो.