उभ्या गाडीतील तूट

संध्याकाळी गल्ला मोजून कुलूप लावावे आणि सकाळी त्यातील रक्कम कमी भरावी, असे चार दिवस घडले तर कोणताही व्यापारी नवा गल्ला विकत आणत नाही. पैसा कोठून जातो, हे तो आधी शोधतो. दाराशी उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र हाच विवेक अनेकदा बाजूला राहतो. रात्री चांगली असलेली गाडी सकाळी सेल्फ घेत नाही, शेजाऱ्याच्या गाडीला केबल लावून ती कशीबशी सुरू होते, आणि दोन-तीन वेळा असे झाले की नवी बॅटरी येते. महिन्याभरात तीही उतरते. मग ठपका बॅटरी विकणाऱ्या दुकानदारावर येतो, नाहीतर घरच्या ड्रायव्हरवर. त्याने दिवा चालू ठेवला असणार, असे गृहीत धरले जाते. पुरावा कोणी मागत नाही.

प्रश्न केवळ चार-सहा हजारांच्या बॅटरीचा नाही. पहाटे मार्केट यार्डात सौद्याला पोहोचायचे असते; अपरात्री घरातील वृद्धांना रुग्णालयात न्यावे लागते. अशा वेळी न सुरू होणारी गाडी महागात पडते. पूर्वीची अ‍ॅम्बॅसेडर हँडल मारून किंवा धक्का देऊन चालू करता येई. आजच्या ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला तो उपायही उरलेला नाही.

रात्रीचा खर्च आणि दिवसाची जमा

शिसे आणि आम्ल यांवर चालणारी, पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये तयार केली. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि मोटार सुरू करण्याचा भार बॅटरीवर पडला. जुन्या गाड्यांत किल्ली काढली की बहुतेक सर्व यंत्रणा निद्रिस्त होत. आजच्या गाडीत मात्र रिमोटची वाट पाहणारे कुलूप, चोरीची सूचना देणारा भोंगा, इंजिनच्या संगणकाची स्मृती हे सारे रात्रभर थोडी वीज घेत असतात. हा खर्च साधारण 20 ते 50 मिलीअँपिअर एवढा असेल तर तो रास्त समजावा.

लहान गाडीत बहुधा 35 अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. 30 मिलीअँपिअर खर्च धरला तर ती निम्मी रिकामी होण्यास तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. हाच खर्च अर्धा अँपिअर झाला तर तेवढीच वीज सुमारे 35 तासांत संपते.

आता डिकीतील 5 वॅटचा दिवा बंदच होत नाही असे समजा. तो सुमारे 0.4 अँपिअर घेतो. दहा तासांच्या रात्रीत 4 अँपिअर-तास गेले. दुसऱ्या दिवशी गाडी घर ते दुकान एवढीच फिरली आणि तेवढ्या प्रवासात दोनच अँपिअर-तास परत भरले गेले, तर रोज दोनची तूट पडते. सोमवारी, मंगळवारी काही जाणवत नाही. आठवड्याच्या अखेरीस गाडी बसते. म्हणूनच ‘कधी सुरू होते, कधी होत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. दोष रोजचाच असतो. साचलेली तूट तेवढी एके दिवशी उघड होते. बॅटरी जुनी असेल तर तिची मूळ क्षमताच घटलेली असते आणि तिला एक रात्रही पुरते. दोषी एक नसून दोन असू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

आधी बॅटरीचीच परीक्षा

शोधाचा आरंभ बॅटरीपासून करावा. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी साचली आहे काय आणि पकड सैल आहे काय, ते पाहावे. नंतर बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी, दोन-चार तास तशीच ठेवावी आणि साध्या मल्टिमीटरने मोजावी. 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी आणि 12 च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारणतः 13.8 ते 14.4 असावा. तो वर चढतच नसेल तर अल्टरनेटर वीज भरत नाही, म्हणजे खर्च ठीक असून जमाच थांबलेली आहे.

यानंतरची कसोटी फार सोपी आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे निगेटिव्ह टोक रात्री सोडवून ठेवावे आणि सकाळी पुन्हा मोजावे. गाडीशी संबंध तुटलेला असूनही आकडा बराच खाली आला तर बॅटरी स्वतःच निकामी झाली आहे. आकडा टिकला आणि टोक जोडून ठेवलेल्या रात्री मात्र पडला, तर गळती गाडीतच आहे. एवढ्या एका रात्रीच्या परीक्षेने दुकानदाराशी होणारा निरर्थक वाद टळतो.

गळती मोजण्याची रीत

गाडीची किल्ली काढून काही मीटर दूर ठेवावी. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत किल्ली जवळ असली तर यंत्रणा जागी राहते. बॉनेट उघडे असावे. फ्यूज बॉक्स आतल्या बाजूस असेल तर दार उघडे ठेवून त्याची कडी पेचकसाने बंद स्थितीत ढकलावी, म्हणजे गाडीला दार लागले असे वाटते. काम संपल्यावर ती हँडल ओढून सोडवावी आणि मगच दार लावावे.

मल्टिमीटर डीसी अँपिअरवर, 10 अँपिअरच्या छिद्रात वायर घालून ठेवावा. निगेटिव्ह टोकाची केबल काढून मीटरची एक वायर केबलला व दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावावी, जेणेकरून गाडीत जाणारी सर्व वीज मीटरमधून जाईल. या स्थितीत गाडी सुरू करू नये, किल्लीही फिरवू नये. मीटरचा फ्यूज उडेल. बॅटरीच्या दोन टोकांवर अँपिअरचा मीटर थेट कधीही लावू नये.

आरंभी आकडा मोठा दिसेल. त्याने घाबरून जाऊ नये. गाडीतील यंत्रणा झोपी जाण्यास अर्धा तास, काही गाड्यांत त्याहून अधिक वेळ लागतो. तो निघून गेल्यावरही आकडा 50 मिलीअँपिअरच्या बराच वर असेल तर गळती सिद्ध झाली.

मग एकेक फ्यूज काढावा, मीटर पाहावा आणि फ्यूज होता त्याच जागी परत बसवावा. ज्या फ्यूजबरोबर आकडा एकदम खाली येईल, तो मार्ग सापडला. फ्यूज काढता-घालताना यंत्रणा पुन्हा जाग्या होतात, म्हणून जाणकार इलेक्ट्रिशियन फ्यूज न काढता त्याच्या माथ्यावरील दोन उघड्या ठिपक्यांवर मिलीव्होल्ट मोजतात. तेथे शून्याखेरीज काही दिसले तर त्या फ्यूजमधून वीज वाहत आहे.

नेहमीचे संशयित

मार्ग सापडला की त्यावरील वस्तू एकेक करून सोडवाव्यात. डिकीचा किंवा डॅशबोर्डच्या कप्प्याचा दिवा झाकण लावल्यावर विझतो का, हे पाहण्यास मोबाइलवर चित्रण सुरू करून तो आत ठेवावा व झाकण लावावे. चिकटलेला रिले हाताला कोमट लागतो. मात्र सर्वांत आधी पाहावे ते मागाहून बसवलेल्या वस्तूंकडे: थेट बॅटरीवर जोडलेली म्युझिक सिस्टिम, उभ्या गाडीतही चित्रण करणारा कॅमेरा, मालवाहू गाडीचा जीपीएस, सदैव चालू राहणारे चार्जिंगचे सॉकेट. किल्लीबरोबर बंद होणाऱ्या वायरीवर ही जोडणी करून घेतली की बहुधा काम भागते.

सर्व फ्यूज तपासूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरचा डायोड खराब झाल्याचा संभव असतो. त्याची जाड वायर बहुधा या लहान फ्यूजांतून जात नाही. तेथे मात्र अनुभवी कारागिराचीच मदत घ्यावी.

सावधगिरी

बॅटरी सोडवताना निगेटिव्ह टोक प्रथम काढावे आणि जोडताना शेवटी लावावे. भरली जात असताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ ठिणगी किंवा ज्योत नसावी. आतील आम्ल त्वचेस व डोळ्यांस घातक आहे. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावू नये. वारंवार पूर्ण रिकाम्या झालेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाचे क्षार घट्ट बसतात व तिची क्षमता कायमची घटते. म्हणून तपास लांबणीवर टाकू नये.

एक मल्टिमीटर, एक पान्हा आणि रविवारचा अर्धा दिवस एवढ्यात हा हिशेब बहुधा लागतो. तो लागेपर्यंत नवी बॅटरी घेऊ नये आणि ड्रायव्हरलाही बोल लावू नये. आधी बोल लावला गेला असेल आणि तपासात डिकीचा दिवाच दोषी ठरला, तर ती गोष्ट त्याला बोलावून सांगावी. खात्यात चुकीने नावे टाकलेली रक्कम वजा करावीच लागते.